सहलीच्या आधीची फेरी

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरल्या, की आपल्या वऱ्हाडात सहलींचे दिवस सुरू होतात. डिसेंबरात कुठल्याही सकाळी परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढणाऱ्या घाटात पाहा. लाल एसटी, पुढच्या काचेवर चिकटवलेला कागद, त्यावर शाळेचं नाव आणि खाली ठळक अक्षरांत 'शैक्षणिक सहल'. यातला दुसरा शब्द मुलांना चांगला कळतो. पहिला शब्द बहुतेक वेळा परवानगीच्या अर्जापुरताच असतो. जिल्ह्यातल्या एका शाळेत मी तीस वर्षं इतिहास शिकवला, म्हणून हे जरा हक्कानं म्हणतो.

सहल सुखरूप कशी व्हावी हा एक प्रश्न, आणि सहलीतून मुलांच्या पदरात काय पडावं हा दुसरा. शाळेत हे दोन प्रश्न दोन वेगळ्या टेबलांवर जातात. पहिला मुख्याध्यापकांच्या फायलीत, संमतीपत्रांच्या गठ्ठ्याखाली. दुसरा आमच्यासारख्या इतिहास-भूगोलाच्या मास्तरांकडे. तोही आदल्या संध्याकाळी, 'सर, तिथं गेल्यावर पोरांना दोन शब्द सांगून द्या' अशा रूपात. माझं म्हणणं असं, की दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. मुलं जाण्याआधी त्या वाटेनं कोण चालून आलं, आणि त्यानं काय लिहून आणलं, हे विचारावं. यात माझं काही नवं नाही. याला आपल्याच मुलखात सातशे वर्षांचा दाखला आहे.

मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभावांचं ऋद्धिपूर, गोविंदप्रभूंचं गाव. चक्रधरस्वामींच्या नंतर त्यांची माणसं इथं जमली आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' इथंच सिद्ध केलं. मराठी गद्याचा इतिहास या गावापासून सांगतात. 2024 पासून मराठी भाषा विद्यापीठही तिथं आलं आहे. म्हाइंभटांनी हा ग्रंथ एका जागी बसून रचला नाही. ज्यानं जे पाहिलं, ऐकलं, त्याच्याकडे जाऊन विचारलं आणि मग लिहिलं.

पण आज मला सांगायचं आहे ते त्याच पंथातल्या दुसऱ्या, कमी ठाऊक असलेल्या पुस्तकाविषयी. त्याचं नाव 'स्थानपोथी'. ती चौदाव्या शतकातली आहे आणि मुनी व्यास यांच्या नावावर आहे. आपल्या विदर्भातले थोर संशोधक डॉ. वि. भि. कोलते यांनी ती संपादून छापली. चक्रधरस्वामी कुठल्या गावी उतरले, कुठं बसले, कुठं निजले, त्या जागांची ही नोंद. आता भक्तानं लिहिलेलं पुस्तक म्हटल्यावर आपण स्तुतीची अपेक्षा करतो. इथं तसं काही नाही. गावाच्या कुठल्या दिशेला देऊळ आहे, देवळाचं दार कुठल्या दिशेला आहे, आवारात आणखी काय आणि ते कुठल्या बाजूला, असंच पानोपानी. वाचताना एखाद्या मोजणीदाराची वही हाती आल्यासारखं वाटतं. डॉ. ॲन फेल्डहाऊस या अमेरिकन विदुषींनी महाराष्ट्रातल्या क्षेत्रांचा अभ्यास करताना या पोथीचा पुष्कळ आधार घेतला, तो तिच्या या कोरडेपणामुळेच. प्रत्यक्ष पाहिलेले लोक एकेक करून जात होते. मागून येणाऱ्याला जागा चुकू नये, त्यानं भलत्याच ओट्याला नमस्कार करू नये, एवढ्यासाठी कुणीतरी आधी पायी फिरून हे टिपून ठेवलं.

हे मी आठवीच्या वर्गात सांगत असे आणि मग मुलांना आपापल्या गावाची स्थानपोथी लिहायला लावत असे. अट एकच, विशेषण वापरायचं नाही. 'सुंदर', 'भव्य', 'प्राचीन' हे शब्द बंद. दिशा, अंतर, दार, झाड, पाणी एवढंच. एका वर्षी आसेगावकडच्या एका मुलीनं लिहून आणलं : मारुतीचं देऊळ पूर्वेला तोंड करून आहे, देवळाच्या उत्तरेला विहीर आहे, विहिरीला कठडा नाही. शेवटचं वाक्य तिनं पहिल्या दोन वाक्यांच्याच सुरात लिहिलं होतं. मी ते फळ्यावर उतरवून घेतलं आणि पुढे प्रत्येक सहलीच्या तयारीत ते वाक्य सहकाऱ्यांना वाचून दाखवलं. इतिहासाची नोंद आणि धोक्याची नोंद एकाच नजरेनं होते, हे याहून सोपं करून मला सांगता आलं नसतं.

मुलांना चार भिंतींबाहेर न्यावं ही कल्पना आपल्या शिक्षणात आली, त्यात अमरावतीचा एक धागा आहे. ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत होत्या. पुढं त्या राजकोटला आणि तिथून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या, आणि बालशिक्षणाचं मोठं काम उभं राहिलं. 1945 साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला अनुताई वाघ यांच्यासह काम सुरू केलं, नंतर ते कोसबाडला गेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं चारायला जात, शाळेत येत नसत. तेव्हा या बायकांनी शाळाच गुरांमागे नेली. तिचं नाव कुरणशाळा. मुलं जिथं आहेत तिथलं झाड, तिथला दगड हाच धडा. सहलीविषयी बोलताना ही कुरणशाळा मला नेहमी आठवते, कारण तिथं बसभाडं नव्हतं आणि धडा मात्र रोज होता.

बसभाड्यावरून एसटीकडे येतो. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. आपण वऱ्हाडातले लोक तेव्हा मध्यप्रांतात, त्यामुळे ती लाल गाडी आपल्या गावापर्यंत यायला वेळ लागला. पण आली तेव्हा तिनं शाळेच्या सहलीचं रूपच पालटलं. शालेय सहलींना भाड्यात निम्मी सवलत मिळू लागली, आणि खेड्यातल्या शाळेलाही गाडी ठरवणं परवडू लागलं. कापूस विकून हाती पैसा आला, की मुलाच्या सहलीची वर्गणी निघत असे. माझ्या पिढीतल्या कितीतरी माणसांनी रायगड, वेरूळ, समुद्र हे पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या एसटीतून. आईबापांनी तर पाहिलंच नव्हतं. ही गोष्ट मी कधी हलकी लेखणार नाही.

पण सवलतीबरोबर एक हावही आली. गाडी ठरवलीच आहे तर आणखी एक ठिकाण घ्या! अमरावतीहून निघून तीन दिवसांत वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, पैठण, शिर्डी, शनिशिंगणापूर आणि परत. असे कार्यक्रम मी स्वतः पाहिले आहेत. वेरूळच अमरावतीहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जाताना नऊ तास, येताना नऊ तास, मधली धावपळ वेगळी. हा हिशेब बसवायचा तर रात्रीचा प्रवास आलाच. चालकाची झोप अर्धी, मास्तरांची त्याहून कमी. कैलास लेण्यापाशी मुलं पोहोचतात तेव्हा अर्धी पेंगत असतात, उरलेली अर्धी पाणी शोधत असतात. तिथं पाऊण तास. मग शिट्टी. वर्गात आल्यावर 'कैलास लेण्याचं वैशिष्ट्य काय' असं विचारलं, तर पाठ्यपुस्तकातलंच उत्तर येतं, ते वरून खाली खोदलं आहे म्हणून. ते तर घरी बसूनही आलं असतं. रात्रीचा प्रवास जितका धोक्याचा, तितकीच ती सहल पोकळ. आणि दोन्हीचं मूळ त्या सहा नावांच्या यादीत.

त्यापेक्षा आपला गाविलगड पाहा. अमरावतीहून चिखलदरा ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, अकोल्याच्या शाळांनाही एका दिवसात जाऊन येण्याजोगा. समुद्रसपाटीपासून चिखलदऱ्याची उंची सुमारे 1100 मीटर. बहुतेक शाळा पॉइंट पाहतात, भीमकुंड पाहतात, घोड्यावर फोटो काढतात, आणि गडावर जमलं तर अर्धा तास. मला वाटतं, उलटं करावं. पूर्ण दिवस गडाला द्यावा.

बहामनी सुलतान अहमदशहानं 1425 च्या सुमारास हा किल्ला बांधून पक्का केला. जुनं गवळ्यांचं ठाणं असावं असं नावावरून सांगतात. पुढं अचलपूरची इमादशाही आली, मग निजामशाही, मग मोगल, मग नागपूरकर भोसले. दरवाज्यावर हत्तींवर पंजा रोवलेला शार्दूल आहे, दोन तोंडांचा गंडभेरुंड आहे. बहराम बुरुजाच्या शिलालेखावर 1577 सालचं काम नोंदलं आहे. मुलांना यातलं सगळं सांगू नये. ऐकणारं मूल तिसऱ्या राजघराण्याला जांभई देतं. सांगायचा तो एकच महिना, 1803 चा डिसेंबर.

त्या वर्षी इंग्रज आणि शिंदे-भोसले यांचं युद्ध पेटलं होतं. सप्टेंबरात असई झाली. 29 नोव्हेंबरला आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला लढाई झाली, ती इंग्रजांनी जिंकली. सेनापती होता आर्थर वेलस्ली. हाच पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि 1815 साली वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. वॉटर्लू आमच्या पोरांना पाठ असतं, अडगाव ठाऊक नसतं, आणि अडगावला एसटी जाते! अडगावहून उरलेलं सैन्य गाविलगडात शिरलं. दक्षिणेकडून हा गड म्हणजे उभा कडा. वेलस्लीनं आपली छावणी त्या बाजूला ठेवली आणि स्टीव्हनसन या दुसऱ्या सेनानीला डोंगरातून वळसा घालून उत्तरेच्या पठाराकडे पाठवलं. तोफा ओढायला वाट नव्हती. शिपायांनी ती स्वतः फोडली, सुमारे तीस मैलांची, आणि 7 ते 12 डिसेंबर हे सहा दिवस दऱ्याखोऱ्यांतून तोफा ओढत नेल्या. नंतर मारा सुरू झाला, तटाला खिंडार पडलं आणि 15 डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग आपल्या माणसांसह लढून मेला. आतल्या तटाला खिंडार नव्हतंच. तो कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीनं शिड्या लावून ओलांडला. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाची या वेढ्यावर आख्खी कादंबरी आहे. विलायतेतल्या वाचकाला गाविलगड माहीत आणि परतवाड्याच्या मुलाला तो फक्त 'थंड हवेचं ठिकाण', ही गंमत मला कधी पटली नाही.

पुढचं तर अधिकच जवळचं आहे. गड पडल्यावर दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, अचलपूरजवळच्या देवगावला भोसल्यांशी तह झाला. कटक इंग्रजांकडे गेलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाला मिळाला. 30 डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी तह झाला. म्हणजे एका महिन्यात, एसटीच्या एका दिवसाच्या टापूत, हिंदुस्थानच्या नकाशावरच्या रेघा बदलल्या. तुमच्या-आमच्या आजोबांच्या सातबाऱ्यावर निजामाचं आणि मग इंग्रजांचं राज्य कसं आलं, याची सुरुवात इथं दिसते. त्यासाठी साडेतीनशे किलोमीटर जायला नको.

आता या गडावर पन्नास मुलं न्यायची आहेत. त्याआधी मास्तरांनी जाऊन यायचं. मी दरवर्षी जात असे, नोव्हेंबरातल्या एखाद्या रविवारी, बरोबर एक शिक्षिका आणि एक शिपाई. शिक्षिका अशासाठी की मुलींच्या स्वच्छतागृहाची पाहणी पुरुष मास्तर बरोबर करत नाहीत. ते 'आहे' असं लिहून मोकळे होतात. कडी लागते का, पाणी येतं का, हे बाईच पाहते. दिवसभर पाणी न पिता राहणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्या संध्याकाळी घाटात चक्कर येऊन पडतात, आणि रजिस्टरवर त्याची नोंद 'गाडी लागली' अशी होते.

या फेरीत आम्ही घरून निघाल्यापासूनची वेळ मांडत असू. घाटातली वळणं कुठं सुरू होतात, म्हणजे नाश्ता त्याआधी किती वेळ उरकायचा. एसटी कुठं वळू शकते. गडावरच्या तळ्यांना कुठल्या बाजूनं उतार आहे आणि कुठं शेवाळ. तटाचा कुठला भाग पोकळ झाला आहे. मोबाइलला रेंज कुठं जाते. गड मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो, तेव्हा वनखात्याच्या वेळा काय आणि शुल्क किती. जवळचा दवाखाना चिखलदऱ्याला, त्याहून मोठा अचलपूरला. तिथं पोहोचायला घाटातून खरोखर किती मिनिटं लागतात. आणि आग्यामोहळं! किल्ल्यांवर वाघापेक्षा माश्यांचं भय जास्त. पोळं कुठल्या कमानीत बसलं आहे हे दरवर्षी बदलतं, म्हणून मागच्या वर्षीची वही चालत नाही. एका वर्षी गडावर भेटलेल्या राखणदारानं आम्हाला थांबवून सांगितलं, "गुर्जी, पोट्ट्यायले इकडून नका आनू, पावसानं गोटे सुटले हायेत." त्या पायऱ्या गेल्या वर्षी धड होत्या. हे वाक्य कुठल्या परिपत्रकात सापडणार?

याच फेरीत धड्याचीही जागा ठरायची. उत्तरेच्या तटावर पठाराकडे तोंड करून मुलं कुठं बसतील, कडेपासून किती लांब, सावली किती वाजेपर्यंत टिकेल. तिथं बसवून मी विचारत असे, 'तुम्ही बेनीसिंग आहात. तोफा कुठल्या बाजूनं येतील?' सगळी मुलं आधी दक्षिणेकडे बोट दाखवत, कारण छावणी तिकडे होती. मग पठाराकडे पाहून एखादा गप्प व्हायचा. त्याला कळलेलं असायचं. ही दहा मिनिटं मिळावीत म्हणून बाकीचा खटाटोप.

आता थोडं कठीण बोलायचं आहे. सहलींच्या अपघातांची यादी आपल्या देशात लांब आहे. 20 फेब्रुवारी 2007 रोजी केरळात तट्टेकाडला संध्याकाळच्या वेळी बोट बुडाली आणि शाळेची पंधरा मुलं व तीन शिक्षक गेले. पक्षी अभयारण्य पाहायला आलेली सहल होती ती. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयातली चौदा मुलं बुडाली. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटली, बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका दगावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुलं होती आणि बऱ्याच जणांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. तिन्ही ठिकाणी पाणी. तट्टेकाडला पाहायचे ते पक्षी, पण जीव गेले ते बोटीच्या फेरीत. मुलांना थोडी मजा म्हणून कार्यक्रमात असा जो भाग घातला जातो, त्याची पाहणी कुणाकडे सोपवलेली नसते. बोटवाला म्हणतो बसा, आणि आपण बसतो.

मुरूडनंतर महाराष्ट्रात सूचना निघाल्या. समुद्रकिनारे, नद्या, तलाव, विहिरी, उंच टेकड्या अशी जोखमीची ठिकाणं टाळा, पालकांची लेखी संमती घ्या, दहा मुलांमागे एक शिक्षक ठेवा, प्रथमोपचाराची पेटी जवळ बाळगा, अशा त्यातल्या मुख्य गोष्टी. यातल्या शेवटच्या तिन्ही मला शंभर टक्के मान्य आहेत. पहिलीबद्दल मात्र माझं दुमत आहे. ती अक्षरशः पाळली तर वऱ्हाडातलं काय उरतं? गाविलगड टेकडीवर. नरनाळा टेकडीवर. लोणार तर विवर, आणि त्यात तळं. मग शाळा कुठं जातात? तिकीट काढून आत शिरायच्या वॉटर पार्कात. तिथं पाणी आहेच. भिंतीआड गेलं की मास्तरांना वाटतं आता जबाबदारी त्यांची. आणि शिकण्याचा प्रश्न तर कुणी विचारतच नाही.

इंग्लंडात असाच प्रसंग 1993 साली आला होता. 22 मार्चला लाइम बे या उपसागरात प्लिमथच्या एका शाळेची मुलं छोट्या होड्या वल्हवायला गेली आणि त्यातली चार गेली. चौकशीत निघालं, की साहसी खेळ शिकवणाऱ्या त्या केंद्रातून काम सोडलेल्या दोन प्रशिक्षकांनी आधल्याच वर्षी तिथल्या सुरक्षेबद्दल व्यवस्थापनाला पत्र लिहून इशारा दिला होता. पत्र पडून राहिलं. केंद्राच्या चालकाला तुरुंगवास झाला, आणि 1995 साली संसदेनं कायदा करून अशा केंद्रांना तपासणी व परवाना सक्तीचा केला. त्यांनी समुद्र बंद केला नाही. समुद्रावर नेणाऱ्याला आधी तपासायचं ठरवलं. आपल्याकडे कागद वाढले ते शाळेचे, आणि बोटवाल्याच्या कागदांचं काय, हे वडोदऱ्यानं दाखवून दिलं.

लोणारचं उदाहरण घ्या, बुलडाणा जिल्हा असला तरी अकोल्याच्या शाळांचा तिकडे राबता असतो. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. बेसॉल्ट खडकात उल्केच्या आघातानं झालेलं, आणि म्हणून जगभरातले अभ्यासक येतात. 2020 साली जूनमध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं, त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला रामसर दर्जा मिळाला. पण तिथं पन्नास मुलांना झाडीतून तळाशी उतरवायची गरज नाही. उल्का म्हणजे काय हे काठावरूनच समजतं, किंबहुना काठावरूनच समजतं. खाली गेलं की फक्त झाडं आणि पाणी दिसतं, गोल दिसत नाही. काठावर कागद घेऊन गोल काढायचा, पलीकडची कड इकडच्यापेक्षा उंच आहे की ठेंगणी ते पाहायचं, आणि दैत्यसूदनाचं मंदिर पाहून परत फिरायचं. असं केलं तर उताराचा धोकाही गेला आणि भूगोलही झाला.

एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. सहलीच्या यादीत नाव नसलेली मुलं. प्रत्येक वर्गात आठ-दहा असतात. कुणाच्या घरी कापसाला भाव नाही, कुणाच्या बापाला मुलीला रात्री बाहेर पाठवायचं नाही. त्या तीन दिवसांत ही मुलं दुसऱ्या वर्गात बसवली जातात. सहलीहून परतलेले पुढे आठवडाभर तेच बोलतात आणि ही ऐकतात. आम्ही तीन दिवसांची सहल बंद करून सकाळी सातला निघून संध्याकाळी सहाला परतणारी सहल सुरू केली, तेव्हा वर्गणी एकदम उतरली आणि मुलींची संख्या वाढली. दिवेलागणीच्या आत घरी येणारी मुलगी म्हटल्यावर बापाचा आवाज मऊ होतो, हे मी पालकसभेत ऐकलं आहे. थोडी वर्गणी जमेना तर गावातल्या दुकानदारांकडून भागवली. नावं सांगायची नाहीत एवढीच अट. सुरक्षिततेचा विचार करताना आपण गाडीतल्या मुलांचाच करतो. गाडीच्या बाहेर राहिलेल्यांचाही तो करावा.

याला उलटी बाजूही आहे. चिखलदऱ्याच्या वरच्या आणि मेळघाटातल्या कोरकू मुलांना गड म्हणजे रोजची वाट. त्यांची सहल खाली अमरावतीला येते. रेल्वेचा रूळ, कापसाचं जिनिंग, कृषी विद्यापीठ पाहायला अकोल्यापर्यंतही जाते. त्यांच्या मास्तरांनी मला विचारलं होतं, की शहरातल्या फेरीत पहिल्यांदा काय पाहून ठेवू? मी म्हटलं, रस्ता ओलांडायची जागा. डोंगरात कड्यावरून निवांत चालणारं पोर राजकमल चौकात गांगरतं. धोका कुठं असतो हे ज्याच्या-त्याच्या सवयीवर असतं, म्हणून शहराच्या मास्तरांनी लिहिलेली यादी मेळघाटच्या शाळेला जशीच्या तशी देऊ नये.

मोजदादीचं थोडं सांगून ठेवतो. डोकी मोजू नयेत, नंबर पुकारावा. डोकी मोजताना पन्नासाची पन्नास भरतात, कारण दुसऱ्या शाळेचं एखादं मूल त्यात मिसळलेलं असतं. प्रत्येक मुलाला सकाळी आकडा द्यावा आणि त्यानं तो ओरडून सांगावा. गाडीत चढताना, उतरताना, जेवणाआधी, जेवणानंतर. पुढं एक मास्तर, त्याच्यापुढं कुणी जायचं नाही. शेवटी एक, त्याच्यामागं कुणी राहायचं नाही. मुलांना पहिल्या दोन वेळा हसू येतं. नंतर तेच एकमेकांना गप्प करतात.

गाविलगडावर जाणार असाल तर शक्यतो 15 डिसेंबरच्या आसपासचा दिवस घ्या. ऊन, वारा, गवताचा रंग हे सगळं वेढ्याच्या दिवसांतलं मिळतं. उत्तरेच्या तटाशी मुलं बसवाल तिथं दुपारीसुद्धा वारा बोचतो. आदल्या दिवशी वर्गात सांगून ठेवा, प्रत्येकानं स्वेटर आणायचं. दोन-चार जास्तीची मास्तरांनी आपल्या पिशवीत ठेवावीत, कारण सगळ्यांच्या घरी ती नसतात.